शिरा हिरव्या, पान पिवळं

माणसं खिशाला पेन लावतात. टीडीएस काकांच्या खिशाला पाण्यातले क्षार, म्हणजे टीडीएस, मोजायची कांडी असे. दिसायला पेनासारखीच. टोपण काढलं की खाली दोन बारीक टोकं आणि वर आकडा दाखवणारी इवलीशी खिडकी. समोर काही पातळ आलं, की काकांचा हात खिशाकडे गेलाच म्हणून समजा. लग्नातलं पन्हं, वाढदिवसाचं सरबत, उडप्याकडचा पाण्याचा ग्लास, काहीही. आमच्या इमारतीत सत्यनारायण होता, तेव्हा गुरुजींनी हातावर पळीभर तीर्थ घातलं, तर काकांनी ते पिण्याआधी त्यात कांडी टेकवून पाहिली.

"अहो, तीर्थ आहे ते!" गुरुजी चिडले.

"असू दे की," काका म्हणाले, "बोअरचं आहे." आणि प्यायले. डोळ्यांना हातही लावला.

त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं आणि पाटीपुरतंच उरलं होतं. इमारतीतल्या पोरांनी त्यांना टीडीएस काका केलं, मग पोरांच्या आयांनी, आणि शेवटी कुरिअरवालासुद्धा खालून त्याच नावाने हाक मारू लागला. काकांना त्याचं काही वाटत नसे. "ज्याची जी ओळख असते, ती त्याला चिकटते," ते म्हणत. "किटलीला क्षार चिकटतात तशी."

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायला आलो तो एकटाच. मी यवतमाळचा. बायको तिथे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि तिची बदली पुण्याला होणं हे माझी बदली चंद्रावर होण्याइतकंच अवघड. त्यामुळे आमच्या संसाराचं मुख्य कार्यालय यवतमाळला आणि मी पुण्यातली शाखा. काम सॉफ्टवेअर कंपनीत, लोकांनी केलेल्या चुका शोधण्याचं. घरी आलो की स्वतःच्या चुका करायला मोकळा. त्यातलीच एक म्हणजे कर्वेनगरातल्या माझ्या गॅलरीत लावलेले टोमॅटो.

टोमॅटो मी इंटरनेटवर बघून लावले. माती नाही, चिखल नाही, नुसता नारळाचा भुसा. पाणी मात्र मी माझ्या अकलेनं घातलं. माझी आई म्हणायची, मुक्या जिवाला पाजावं तर आपण पितो तेच. म्हणून मी आरओचं पाणी घालायचो, गाळून गाळून शुद्ध केलेलं, आणि वर झाडांना सांगायचो, प्या बाबांनो, पुण्यात असं पाणी माणसांनाही मिळत नाही. झाडं वाढली. टोमॅटो धरले. आणि एकेकाचं बूड काळं पडायला लागलं, जणू कुणी ते शाईच्या पॅडवर टेकवून शिक्के मारले होते. मी कडुनिंबाचं तेल फवारलं, हळद फवारली, शेवटी आंबट ताकही फवारलं. पुढचे काही दिवस गॅलरीला कढीचा वास येत होता आणि टोमॅटो काळे ते काळेच.

असाच एक टोमॅटो हातात घेऊन मी लिफ्टने खाली निघालो होतो, फेकायला. लिफ्टमध्ये काका.

"बूड दाखवा," ते म्हणाले.

लिफ्टमध्ये अनोळखी गृहस्थाने असं म्हटल्यावर माणूस दचकणारच. मी टोमॅटो उलटा केला.

"पाणी कुठलं घालता?"

"आरओचं, काका. एकदम शुद्ध."

"म्हणजे उपाशी ठेवता." ते शांतपणे म्हणाले. "त्या मशीनमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं निघून जातं. तुम्ही वर पोळीभाजी खाता म्हणून तुमचं भागतं. भुश्यात लावलेल्या झाडानं काय खायचं? शुद्ध पाणी बॅटरीत घालतात हो. कुठले आपण?"

"यवतमाळचा."

"हं," म्हणाले, जणू त्यातून बरंच काही स्पष्ट झालं. त्या दिवसापासून त्यांनी मला नाव विचारलं नाही. शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी 'अहो यवतमाळ' होतो.

काकांचं आयुष्य गेलं बॉयलरपाशी. पिंपरीच्या एका कारखान्यात ते बॉयलरचं पाणी सांभाळत. बॉयलरला कॅल्शियम अजिबात चालत नाही. नळ्यांमध्ये आतून दगड धरतो, उष्णता अडते आणि एक दिवस नळी फुटते. त्यामुळे काकांनी उभी नोकरी पाण्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हाकलून लावण्यात घालवली. "आणि आता म्हातारपणी," ते गच्चीवर झाडांना पाणी घालता घालता म्हणत, "त्याच दोघांच्या हातापाया पडून त्यांना परत बोलावतोय."

झाडं मुळात काकांची नव्हतीच. ती सुमनकाकूंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची. गच्चीच्या एका कोपऱ्यात कढीपत्ता, मोगरा, मिरच्या, निळ्या पिंपात लिंबू आणि एका मोठ्या कुंडीत अनंत, असा काकूंनी जमवलेला गोतावळा होता. मी राहायला येण्याच्या बऱ्याच आधी काकू बेंगळुरूला लेकीकडे गेल्या होत्या. मेधाला मुलगा झाला, बाळंतपणाला गेल्या. सहा महिन्यांनी येते म्हणाल्या. मग मेधाची सुट्टी संपली, मग बाळाला दात आले, मग ते चालायला लागलं, मग शाळेत जायला लागलं. सहा महिने तेच राहिले, फक्त रोज नव्याने सुरू होत राहिले. जाताना जिन्यात उभ्या राहून काकू म्हणाल्या होत्या, "झाडं काही तुमच्याच्याने जगायची नाहीत. मी आले की नवीन लावीन." काकांनी हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की मी त्या जिन्यात स्वतः हजर होतो असं मला वाटू लागलं होतं.

आणि पहिल्या वर्षी काकूंचं खरं ठरलं. काकांनी घरी गीझरसाठी एक सॉफ्टनर बसवला होता, मिठाच्या मदतीने पाणी मऊ करणारा. बॉयलरवाल्याला मऊ पाण्याचं प्रेम. त्यांनी तेच पाणी प्रेमाने झाडांना घातलं. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं हे त्यांना आपल्या हाताच्या रेषांसारखं पाठ होतं, पण झाड आणि बॉयलर यांच्यात फरक असतो हे ध्यानात आलं नाही. मिरच्या गेल्या, मोगरा अर्धा गेला, लिंबानं पानं टाकली. "चाळीस वर्षांच्या सवयीनं मारलं त्यांना," काका म्हणत. मग त्यांनी बाजारातून पुस्तकं आणली, ती कांडी आणली आणि झाडांचा अभ्यास सुरू केला. काकू येईपर्यंत सगळं हिरवं दिसलं पाहिजे, एवढाच त्या अभ्यासाचा हेतू. झाडं उभी असली तर तिला परत यायला काहीतरी जागेवर असेल. असं ते कधी बोलले नाहीत. पण दुसरं कारण असतं तर त्यांनी अनंताला 'तिचा' आणि लिंबाला 'तिचं' म्हटलं नसतं.

आमच्या इमारतीत पाणी तीन घराण्यांचं. सकाळी नळाला येतं ते खडकवासल्याचं, पावसाचं, हलकं. दिवसभर येतं ते बोअरचं, जड, साबणाला फेस न येऊ देणारं. आणि उन्हाळ्यात टँकरचं, ज्याच्या कुळाचा पत्ता कुणालाच नाही. काका तिन्ही वेगवेगळ्या बादल्यांत भरून ठेवत आणि स्वयंपाकी मीठ-मसाला जुळवतो तसे मिसळत. टोमॅटोला, मिरचीला नळाच्या पाण्यात थोडं बोअरचं, म्हणजे कॅल्शियम मिळावं. अनंताला बोअरचा थेंब नाही. त्याला आंबट माती लागते, बोअरच्या पाण्याने ती आंबट राहत नाही आणि पानं पिवळी पडतात. त्याला फक्त धरणाचं, वर चार थेंब लिंबाचे. "हा तुमच्या पेठेतल्या माणसासारखा आहे," मी एकदा म्हणालो. "त्याला कुणाचंच चालत नाही."

"चालवून घेत नाही," काका म्हणाले. "फरक आहे."

पानं वाचायला त्यांनीच मला शिकवलं. "फळाचं बूड काळं पडलं की कॅल्शियम कमी. खालची जुनी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडायला लागली की मॅग्नेशियम कमी. मॅग्नेशियम फिरतं हो. वरती कोवळं पान फुटलं आणि मुळाला काही मिळेना, की झाड जुन्या पानातलं काढून त्याला देतं. जुनं पान पिवळं पडतं, गळतं. कॅल्शियमचं तसं नाही. ते एकदा जिथे बसलं तिथे बसलं. कुणी बोलावलं तरी जागचं हलत नाही."

मॅग्नेशियमवर उपाय म्हणून त्यांनी मला एप्सम सॉल्ट आणायला पाठवलं. मी औषधाच्या दुकानात गेलो, गर्दीत उभा राहिलो आणि आवाज चढवून म्हणालो, "एप्सम सॉल्ट द्या, एक किलो!" दुकानदाराने चष्म्यावरून बघितलं. "किती दिवस झाली नाही?" मी म्हणालो, "काय?" तो म्हणाला, "संडास." हे मीठ लोक जुलाबासाठी घेतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "मला नाही हो, टोमॅटोला." मागची बाई हसली ती अजून कानात आहे. त्या दुकानात मी परत कधी गेलो नाही. तापाची गोळीसुद्धा दुसरीकडून आणतो.

काकांबरोबर मंडईत जाणं म्हणजे अब्रू हातात घेऊन जाणं. ते प्रत्येक टोमॅटो उलटा करून बूड बघत. "काका, घ्यायचेत की तपासायचेत?" टोमॅटोवाली विचारी. "तपासून घ्यायचेत," काका म्हणत, आणि मग पाव किलो घेत. एकट्या माणसाला पाव किलोही जास्त होतो. घरी जाऊन ते त्यातले दोन मला देत. मीही एकटा, मलाही जास्त होत. मग आम्ही दोघं मिळून त्याची चटणी करायचो, ती आठवडाभर पुरायची आणि शेवटी दोघांनाही ती नकोशी व्हायची.

दर रविवारी सकाळी काकूंचा व्हिडिओ कॉल येई. काका त्यासाठी दाढी करत, इस्त्रीचा शर्ट घालत, केसांना तेल लावून भांग पाडत. मग गच्चीवर जाऊन कॅमेरा उलटा फिरवत आणि झाडं दाखवत. त्यांचा इस्त्रीचा शर्ट काकूंना कधी दिसलाच नाही. "हा बघ लिंबू. हा बघ कढीपत्ता." पलीकडून काकूंचा आवाज येई, "ते राहू दे, जेवलात का?" काका म्हणत, "हा बघ मोगरा." अनंत मात्र ते राखून ठेवत, तिने येऊनच बघावा म्हणून. मग पलीकडे नातू फोन हिसकावून घेई, काहीतरी बडबडे, आणि फोन बंद होई. काका तसेच थोडा वेळ फोन हातात धरून उभे राहत. शर्ट मात्र संध्याकाळपर्यंत अंगावर असे. रविवारी त्यांच्याकडे दुसरं कुणी येत नसे.

तुम्ही जाऊन राहा की तिकडे, असं त्यांना कुणीही म्हणेल. मीही म्हणालो. काका तीर्थात कांडी बुडवणारे, राहूकाळ-ग्रहण काही न मानणारे गृहस्थ. पण एक गोष्ट त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेली: बापाने लेकीच्या घरी मुक्काम ठोकायचा नाही. भेटायला जावं, पाणी प्यावं, उठावं. "आमचे वडील आक्काच्या घरी घोटभर चहासुद्धा घेत नसत," ते सांगत. "मी चहा घेतो. सुधारलोय मी. पण जावयाच्या घरात सोफ्यावर बसून महिनोन्महिने पेपर वाचायचा? नाही जमणार."

"काका, आजकाल हे कोण मानतं?"

"मी," काका म्हणाले, आणि विषय संपला.

दिवाळीत काकू आल्या. चार दिवसांसाठी. त्याआधी काकांनी गच्ची दोनदा धुतली, कुंड्या गेरूने रंगवल्या, मला शिडीवर चढवून पाण्याची टाकी पुसायला लावली. टाकीचा झाडांशी संबंध काय हे मी विचारलं नाही. आल्या त्या संध्याकाळी काकू गच्चीवर गेल्या, मी चहाची किटली घेऊन मागे. लिंबाला लिंबं लगडली होती. कढीपत्ता इतका दाट, की त्यामागची भिंत दिसत नव्हती. काकू एकेका झाडाला हात लावत पुढे गेल्या आणि अनंतापाशी थांबल्या. त्याला दोन फुलं होती, हंगाम संपल्यावर उमललेली, आणि पानं तेल लावल्यासारखी गर्द हिरवी.

"हा फुलला?" त्या म्हणाल्या.

"दोन वर्षं झाली, फुलतोय." काकांच्या आवाजात जे काही होतं ते मी परत कधी ऐकलं नाही. इमारतीला दिवाळीचे आकाशकंदील लागले होते, पण उजेड त्यांच्याच तोंडावर जास्त होता.

"माझ्या हातनं कधी फुलला नाही हो हा. किती शेण घातलं, किती काय काय केलं."

"तू बोअरचं घालायचीस," काका म्हणाले. "त्याला चालत नाही."

काकूंनी वाकून एका फुलाचा वास घेतला. मग त्यांनी पदराने हात पुसले आणि हसून म्हणाल्या, "मग झालं तर. मला उगाच काळजी होती. तुमचं तर माझ्यापेक्षा छान चाललंय."

काकांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. जिना चढताना अंधारात एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी त्यांना झालं. चार दिवसांनी काकू अगदी निश्चिंत मनाने परत गेल्या. सोबत पिशवीभर लिंबं नेली. मेधाला लोणचं करायला.

त्यानंतर काका गच्चीवर येत, पाणी घालत आणि जात. बोलणं कमी झालं. त्या थंडीत आम्ही कट्ट्यावर बसून कितीतरी संध्याकाळी नुसत्या काढल्या. खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत. कुणाच्या घरी कोणती भाजी आहे ते वासावरून कळे, आणि कुणाच्या घरी आपल्याला बोलावलेलं नाही तेही. मला यवतमाळहून फोन यायचा, मी तो थोडा लांब जाऊन घ्यायचो, म्हणजे काकांना ऐकू येऊ नये. एकदा काका म्हणाले, "इथेच बोला हो. मला बरं वाटतं ऐकायला."

अशाच एका संध्याकाळी माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. माझ्या कल्पनांचा इतिहास तुम्ही वाचलाच आहे.

"काका, तुमचं चुकलं कुठे सांगू? झाडं फार छान ठेवलीत. काकूंना वाटतं, इथे माझी गरज नाही. झाडांना जरा आजारी पाडा."

"काय?"

"एकच झाड. नवीन टोमॅटो लावू, भुश्यात. त्याला एसीच्या नळीतून गळतं ते पाणी घालू. त्यात ना कॅल्शियम ना मॅग्नेशियम. तुम्हीच शिकवलंत. पानं पिवळी, टोमॅटो काळे. रविवारी दाखवायचं आणि म्हणायचं, मला जमत नाही ग, तू ये. नाहीतरी काका, तुम्ही पडलात कॅल्शियम, तुम्ही हलत नाही. मॅग्नेशियमलाच बोलवायला पाहिजे."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या औषधवाल्याने बघितलं होतं. "मुद्दाम उपाशी ठेवायचं? झाडाला?" ते उठून गेले. मला वाटलं, संपलं. पण पुढच्याच आठवड्यात मार्केट यार्डातून आणलेली भुश्याची पिशवी आणि एक रोप त्यांच्या दारात होतं.

उन्हाळा लागला होता. एसी माझ्याकडे, त्यामुळे पाणी पुरवायचं काम माझं. थंडीने काकडत, चादर पांघरून मी रात्रभर एसी चालू ठेवायचो आणि नळीखाली बादली. काका ती वर नेत आणि त्या एकाच रोपाला घालत. आणि घालताना त्याच्याकडे बघत नसत. आजूबाजूची झाडं हिरवीगार आणि मध्ये ते एक, आधी खालची पानं फिकी झाली, मग शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या आणि मधलं सगळं पिवळं. एखाद्या नकाशात नद्या दाखवतात तसं. टोमॅटो धरले ते बुडाशी काळे. "झालं," काका म्हणाले. "याच्याइतकं चांगलं उदाहरण मला नोकरीतसुद्धा मिळालं नसतं." पण त्यांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही.

रविवारी मी कॅमेरा धरायला वर गेलो. काकू फोनवर आल्या. काकांनी पाठ केलेलं वाक्य म्हणायला सुरुवात केली, "सुमन, हे बघ, मला काही हे जमत नाही..."

मी कॅमेरा रोपावर नेला. पलीकडे एकदम शांतता. नातवाचाही आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली.

"पाणी कुठलं घालताय त्याला?" काकूंनी विचारलं.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय."

"एसीचं," काका म्हणाले.

"बाकीच्यांना?"

"नळाचं. थोडं बोअरचं."

 काका आयुष्यात पाण्याच्या बाबतीत खोटं बोलले नव्हते, आणि बायकोशी संसारभर खरं बोलून खोटं बोलायची सवय राहिली नव्हती. काकू हळू आवाजात म्हणाल्या, "मुद्दाम केलंत ना?"

 मी फोन धरून उभा, हात दुखायला लागला होता, पण खाली करायची हिंमत होईना.

"कॅमेरा तुमच्याकडे करा," काकू म्हणाल्या. मी केला. पहिल्यांदाच त्यांना तो इस्त्रीचा शर्ट दिसला असावा. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी आज तुम्हाला सांगणारच होते. कसं सांगू तेच कळत नव्हतं. मेधाला पुन्हा दिवस गेलेत."

काकांचे ओठ थोडे हलले. "अरे वा," ते म्हणाले. मग परत, जरा मोठ्याने, "अरे वा! छान. छान झालं." आणि मग अगदी लहान आवाजात, "म्हणजे पुन्हा सहा महिने."

"अहो," काकू म्हणाल्या. दोघंही नुसते एकमेकांकडे बघत होते, मधे मी. एवढ्या जवळून दुसऱ्याचा संसार मी कधी बघितला नव्हता आणि बघायची पात्रताही माझी नव्हती. शेवटी काकूच म्हणाल्या, "त्या रोपाला उद्यापासून नीट पाणी घाला. त्या बिचाऱ्याचं काय चुकलं?"

काकांनी त्याच संध्याकाळी त्याला नळाचं पाणी घातलं, त्यात थोडं बोअरचं, चिमूटभर एप्सम सॉल्ट. दोन-तीन आठवड्यांनी शेंड्याला नवी हिरवी पानं फुटली. मी खूश होऊन म्हणालो, "काका, सुधारलं!" ते म्हणाले, "पुढचं सुधारलं. जी पिवळी पडली ती काही परत हिरवी होणार नाहीत. ती तोडा, नाहीतर झाड त्यांच्यात जीव घालवत बसतं."

मग एके दिवशी त्यांनी सांगितलं, की ते बेंगळुरूला जातायत. मी विचारलं, "आणि लेकीच्या घरी मुक्काम?" ते म्हणाले, "तिच्या घरी नाही. समोरच्या गल्लीत एक खोली बघितलीय भाड्याने. झोपायला तिथे, दुपारी तिथे. हिला मी दोन वेळा समोर दिसेन, तेवढं बास. बापाचा नियम मोडला नाही आणि बायकोही..." ते थांबले. बायकोचं काय, ते शेवटपर्यंत म्हणाले नाहीत. मला हसू आलं, कारण असला तोडगा फक्त पुण्यातला माणूसच काढू शकतो. 

झाडं त्यांनी वाटून टाकली. मोगरा तळमजल्यावर, कढीपत्ता तिसऱ्यावर, लिंबाचं पिंप चौघांनी उचलून शेजारच्या इमारतीत. प्रत्येकाला पाणी कुठलं घालायचं ते तोंडी समजावलं, आणि प्रत्येकाने हो म्हटलं, आणि प्रत्येकजण काय घालणार ते काकांना ठाऊक होतं. अनंत मला दिला. टॅक्सी आली तेव्हा सकाळचं पाणी नुकतंच नळाला आलं होतं. मी बॅग खाली आणली आणि विचारलं, "परत कधी, काका?"

"हिला विचारून सांगतो," ते म्हणाले.

त्यांना अजून विचारता आलेलं नाही. फोन येतो कधीकधी, कधी त्यांचा, कधी काकूंचा, आणि मागून एका बाळाचं रडणं. माझ्या बायकोची बदली झालेली नाही. रविवारी सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर जातो, काही काम नसताना. काकांच्या कुंड्या जिथे होत्या, तिथे फरशीवर पांढरी गोल कडी उमटली आहेत, वर्षानुवर्षं झिरपलेल्या कॅल्शियमची, एकात एक, काही मोठी, काही लहान. किती पाऊस पडला तरी ती जात नाहीत. सोसायटीच्या सेक्रेटरींना ती घाण वाटते. ॲसिड टाकून घासून घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. मी त्यांना गंभीर चेहऱ्याने ठोकून दिलं, की ॲसिडने गच्चीचं वॉटरप्रूफिंग उखडेल आणि खालच्या फ्लॅटमध्ये गळेल. गच्चीखालचा फ्लॅट काकांचा आणि त्याला कुलूप आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कडी अजून तशीच आहेत.